बर्फाच्या गावी, सावकाश

दिवाळीचा फराळ संपत आला की अनेक घरांत एक विषय हमखास निघतो. मुलगा किंवा सून म्हणते, "आईबाबांनी आयुष्यात कधी बर्फ पाहिलेला नाही. या हिवाळ्यात त्यांनाही गुलमर्गला नेऊ." नातवंडांना स्कीइंग शिकायचे असते, त्यांचा आग्रह तर विचारायलाच नको. आणि आईबाबा म्हणतात, "आम्हाला कशाला आता? तुम्ही जाऊन या." या 'कशाला'मध्ये निम्मा संकोच असतो, थोडी भीती असते आणि कुठेतरी कोपऱ्यात जाण्याची इच्छाही असते. त्या इच्छेचे काय करायचे, हा या वेळच्या सदराचा विषय आहे.

सत्तरी ओलांडलेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या आणि नेमाने औषधे घेणाऱ्या बहुतेकांना बर्फातल्या ठिकाणी सुखाने जाता येते. अट इतकीच, की सहलीची आखणी घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या दिवसाप्रमाणे व्हावी. आपल्याकडे नेमके याच्या उलट घडते. सात रात्रींत पाच ठिकाणे, पहाटे पाचला चहा आणि सहाला गाडी, अशा सहलीत ज्येष्ठ मंडळी सामानासारखी चढवली आणि उतरवली जातात. परतल्यावर त्यांना काय पाहिले ते आठवत नाही. कुठे पाय दुखले, ते मात्र आठवते.

बर्फ आणि स्कीइंग यांसाठी आपल्या देशात प्रामुख्याने दोन नावे घेतली जातात, गुलमर्ग आणि औली. औलीचे उतार सुंदर आहेत, समोर नंदादेवी दिसते. परंतु ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंतचा सुमारे २५० किलोमीटरचा घाटरस्ता गाडीत बसून काढावा लागतो. कंबरदुखी, गुडघेदुखी किंवा वारंवार लघवीला जावे लागण्याचा त्रास असलेल्यांसाठी तो दिवस फार कठीण जातो. शिवाय २०२३च्या जानेवारीत जोशीमठ येथे जमीन खचू लागल्यावर तेथून औलीला जाणारा रज्जुमार्ग बंद करण्यात आला. गुलमर्गचे तसे नाही. मुंबईहून श्रीनगरला थेट विमान मिळते आणि श्रीनगरपासून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटरवर आहे. म्हणून वयस्कांसह जाणाऱ्या कुटुंबाने गुलमर्गचाच विचार करावा, असे मी सुचवीन. काश्मीरमधील सुरक्षेच्या स्थितीचा विचार अर्थातच प्रत्येक कुटुंबाने त्या त्या वेळची अधिकृत माहिती घेऊन स्वतः करावा, आणि आरक्षणे शक्यतो परतावा मिळेल अशीच करावीत.

आता उंचीविषयी. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे, तंगमर्ग सुमारे २,१०० मीटरवर आणि गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे जाणवू लागतो, म्हणजे गुलमर्ग या सीमेच्या किंचित वर आहे. तेथे हवेचा दाब आणि त्याबरोबर श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे तीन-चतुर्थांश असतो. मुंबईकर किंवा कोकणातला माणूस सकाळी घरून निघून त्याच संध्याकाळी गुलमर्गला झोपला, तर शरीराला या बदलाशी जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. त्रास ठरतो तो दिवसा आपण किती उंच गेलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो यावर अधिक. यासाठी पहिल्या दोन रात्री श्रीनगरला काढाव्यात. दाल सरोवराच्या काठी दुपारच्या उन्हात बसावे, थोडे फिरावे, लवकर जेवावे, लवकर झोपावे. हे दोन दिवस वाया गेले असे तरुणांना वाटेल, पण पुढच्या तीन दिवसांचे सुख याच दोन दिवसांवर अवलंबून असते.

गुलमर्गला पोहोचलेल्या दिवशीही काही करू नये. सामान लावावे, गरम कहवा घ्यावा, खिडकीतून बर्फ पाहावा. पहिल्या रात्री झोप चाळवते, मधूनच जाग येते. ते स्वाभाविक आहे. त्यासाठी झोपेची गोळी घेऊ नये आणि मद्य तर मुळीच नको. दोन्हींमुळे झोपेतील श्वास मंदावतो. घरी नेमाने झोपेची गोळी चालू असेल, तर ती आपल्या मनाने बंदही करू नये. निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

येथील रज्जुमार्गाला सगळे गोंडोला म्हणतात. त्याचे दोन टप्पे आहेत आणि दोहोंची तिकिटे वेगवेगळी असतात. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, म्हणजे सुमारे ३,१०० मीटरपर्यंत नेतो. दुसरा अफरवतच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटरवर. गुलमर्गला मिळतो त्याहून बराच कमी प्राणवायू तेथे मिळतो. समुद्रसपाटीशी तुलना केली, तर दोन-तृतीयांशांहूनही थोडा कमी. आणि शरीराला ही सगळी चढण काही मिनिटांत, बसल्या जागी करावी लागते. वर वारा असतो, थंडी बोचरी असते आणि खाली परतायला पुन्हा रांग. प्रकृती ठणठणीत असलेल्या, गुलमर्गला दोन रात्री नीट झोपलेल्या माणसाने डॉक्टरांची संमती घेऊन थोडा वेळ वर जाऊन यायला हरकत नाही. परंतु हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसांचा जुनाट विकार असलेल्यांनी दुसऱ्या टप्प्याचे तिकीट काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोंगडोरीलाही बर्फाच्छादित उतार दिसतात, स्कीइंग करणारी मुले दिसतात आणि बाकावर बसून गरम काही पिता येते. 'इथवर आलो आणि वर गेलो नाही' ही हळहळ परतल्यावर कोणी बोलून दाखवील, बोलू द्यावे. वारा किंवा हिमस्खलनाचा धोका असला, की दुसरा टप्पा बंदच ठेवतात, हेही ध्यानात असावे.

या सहलीत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती उंचीची नव्हे, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गप्प राहण्याची. मुलाने इतके पैसे खर्च केले आहेत, नातवंडे आनंदात आहेत, आपल्यामुळे कुणाचा हिरमोड नको, या विचाराने आई डोकेदुखी लपवते. बाबांना धाप लागते, तर ते देखावा पाहण्याच्या निमित्ताने थांबतात. ही माया आहे खरी. पण उंचीवर ती जिवावर बेतू शकते. म्हणून घरातून निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून एक ठरवून घ्यावे. ज्या सकाळी वडीलधारे 'आज नको' म्हणतील, त्या सकाळी कुणी कारण विचारायचे नाही, आणि वाया गेलेल्या तिकिटाचा विषय काढायचा नाही. हे नुसते मनात न ठेवता मुलाने स्वतःच्या तोंडाने आईवडिलांना सांगायला हवे. एरवी ते विश्वास ठेवणार नाहीत.

सोबत असणाऱ्यांनी आपणहून पाहण्याच्या खुणाही आहेत. डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, अवाजवी थकवा ही पहिली पायरी. अशा वेळी आणखी वर जायचे नाही, विश्रांती घ्यायची. पण विश्रांती घेऊनही त्रास वाढत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, चालताना तोल जात असेल, बोलण्यात गोंधळ होत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. ताबडतोब खाली उतरावे आणि उतरता उतरता वैद्यकीय मदत मागवावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. गुलमर्गची मोठी सोय अशी, की तेरा किलोमीटर उतरले की पाचशे मीटर उंची कमी होते. तंगमर्गला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि मोठी रुग्णालये श्रीनगरला. छातीत दुखणे, जबडा किंवा डावा हात दुखणे, दरदरून घाम येणे हे उंचीमुळे होते आहे असे समजून घालवू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण पडतो. बर्फात रुतत चालण्याचे श्रम त्यात मिळाले की हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

काही जणांनी मात्र हा बेतच करू नये, निदान या वर्षी तरी. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले किंवा अँजिओप्लास्टी झालेले, थोड्या श्रमानेही छातीत दुखणारे, हृदय कमकुवत असून पायांवर सूज असलेले, घरी प्राणवायूचे यंत्र लागणारे, फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेले. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया करून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलेला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास आणि उंची दोन्ही सक्त वर्ज्य. कारण कमी दाबात तो बुडबुडा प्रसरण पावतो आणि दृष्टी जाऊ शकते. ही बाब पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिली. मोतीबिंदूची नेहमीची शस्त्रक्रिया होऊन डोळा बरा झाला असेल, तर अडचण नाही.

बाकीच्यांनी जाण्याच्या महिना-दीड महिना आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे आणि 'काश्मीरला जाऊ का?' असे मोघम न विचारता, 'दोन हजार सहाशे मीटरवर तीन रात्री झोपणार आहे, बाहेर तापमान शून्याखाली असेल' असे नेमके सांगावे. उंचीसाठी म्हणून मिळणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी शेजाऱ्यांच्या सल्ल्याने घेऊ नये. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर ती त्रासदायक ठरू शकते. फ्लूची लस निघण्यापूर्वी दोन आठवडे तरी घेतलेली असावी. आणि रोज अर्धा तास चालण्याचा सराव आतापासूनच सुरू करावा. दोन जिने न थांबता चढता येत नसतील, तर ते प्रथम डॉक्टरांना सांगावे.

आता खर्च आणि हंगाम. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात. हा कडाक्याच्या थंडीचा काळ असतो. नाताळ आणि नववर्षाच्या गर्दीत खोल्यांचे दर चढतात, रज्जुमार्गाच्या रांगा लांबतात आणि ज्येष्ठांची सर्वाधिक आबाळ याच दिवसांत होते. शिवाय तेव्हा बर्फ असेलच, याची शाश्वती नाही. २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग बराच काळ कोरडे होते. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचे पहिले दिवस मला अधिक योग्य वाटतात. बर्फ सहसा भरपूर असतो, दिवस मोठा झालेला असतो, ऊन अंगाला लागते आणि राहण्याचे दर तुलनेने उतरलेले असतात. नातवंडांच्या परीक्षा आड येतात हे खरे. पण निवृत्त आजीआजोबांनी आणि एखाद्या मुलाने किंवा मुलीने मिळून जायला काय हरकत आहे? सहल संपूर्ण कुटुंबाचीच असली पाहिजे, असा काही नियम नाही.

खर्च कमी करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ठिकाणे कमी करणे. श्रीनगर दोन रात्री, गुलमर्ग तीन रात्री आणि परतताना श्रीनगर एक रात्र, एवढ्यात सहा रात्री होतात. पहलगाम, सोनमर्ग वगळल्याने गाडीचे भाडे वाचते, रोज सामान बांधण्याचा जाच वाचतो आणि एकाच ठिकाणी सलग राहिल्याने खोलीच्या दरात घासाघीसही करता येते. गुलमर्गची हॉटेले महाग वाटली, तर तंगमर्गला राहावे. तिथे दर कमी, थंडी थोडी कमी आणि मुख्य म्हणजे झोपण्याची उंची कमी. हृदय किंवा फुप्फुसे नाजूक असलेल्यांसाठी मी तंगमर्गच पसंत करीन. गैरसोय इतकीच, की हिमवर्षाव झाला की वर जाण्यासाठी चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी करावी लागते. नातवंडांना स्कीइंग शिकवायचे असेल, तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या गुलमर्ग येथील संस्थेचे प्रशिक्षणवर्ग असतात. उतारावर ऐनवेळी ठरवलेल्या शिक्षकापेक्षा ते भरवशाचे. मुले शिकत असताना नवशिक्यांच्या उताराशेजारी उन्हात खुर्ची टाकून बसणे ही आजीआजोबांसाठी उत्तम करमणूक आहे. मुले पडतात, उठतात, हाका मारतात. बर्फाकडे नुसते पाहण्यापेक्षा यात जीव अधिक रमतो.

खोली ठरवताना दर विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. खोली तळमजल्यावर आहे का, शौचालय कमोडचे आहे का, गरम पाणी चोवीस तास आहे का, आणि खोली उबदार ठेवण्याची व्यवस्था कोणती? शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व फार आहे. लाकडाची किंवा कोळशाची बुखारी आणि निखाऱ्यांची कांगडी यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू निघतो. बंद खोलीत रात्रभर शेगडी पेटती ठेवल्याने माणसे झोपेतच दगावतात. झोपण्यापूर्वी ती विझवावी आणि खिडकीची फट उघडी ठेवावी. थंडी वाजेल, पण रजया जास्त घेता येतात. फेरनच्या आत कांगडी घेऊन बसण्याची स्थानिकांना लहानपणापासून सवय असते. आपण छायाचित्रापुरतीच हाती घ्यावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी विजेची चादर आणि गरम पाण्याची पिशवी जपून वापरावी. अंथरूण आधी तापवावे आणि आत शिरताना चादर बंद करावी. भाजल्याचे अशा पायांना कळत नाही. रात्री लघवीसाठी उठताना एकदम उठू नये. आधी काठावर बसावे, दिवा लावावा, अंगात स्वेटर घालावा, मग उभे राहावे.

बर्फापेक्षा घातक असतो तो सकाळी गोठलेला गुळगुळीत थर. वृद्धापकाळी मांडीच्या हाडाचा खुबा मोडणे म्हणजे महिनोन्‌महिन्यांचे अंथरूण. भाड्याने मिळणारे रबरी बूट पुष्कळदा झिजलेले असतात. तळ पाहूनच घ्यावेत. बुटांना बांधण्याचे लोखंडी काटे घरूनच न्यावेत, ते फार महाग नसतात. पावले छोटी टाकावीत, हात खिशात घालू नयेत, एका हाती काठी असावी. दुसऱ्या हाताला माणूस असला तर उत्तमच. सकाळी दहापूर्वी बाहेर पडण्याचे काम नाही. उतरल्या उतरल्या घसरगाडीवाले गराडा घालतील. त्यांचेही पोट त्यावरच आहे, म्हणून सौम्य शब्दांत पण ठाम नकार द्यावा. हाडे ठिसूळ असलेल्या माणसाला घसरगाडीचा एक जोराचा दणका मणक्याचे हाड चेपवायला पुरेसा होतो. सपाट जागी, हळू ओढत नेणार असेल आणि भाडे आधी ठरले असेल, तर थोडे अंतर चालेल, उतारावर नको. डोळ्यांना चांगला काळा चष्मा हवाच, कारण ताजा बर्फ अतिनील किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतो आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

औषधे दुप्पट न्यावीत आणि दोन ठिकाणी ठेवावीत. त्यांतील एक संच हातातल्या पिशवीत असावा. इन्सुलिन गोठले की निकामी होते. ते अंगाजवळच्या खिशात ठेवावे, मोठ्या बॅगेत किंवा खिडकीत नव्हे. साखर मोजण्याचे यंत्र गारठले तर चालत नाही, आणि बोटे गार असताना ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो. हात उबदार करून मग मोजावे. गुलमर्गला ९०च्या आसपासचा आकडा आणि माणूस स्वस्थ, तर घाबरू नये. आकडा चांगला आणि माणूस अस्वस्थ, तर मात्र माणसावर विश्वास ठेवावा. पुरःस्थ ग्रंथी वाढलेल्या पुरुषांनी सर्दीच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्यांतील काहींमुळे लघवी अडते आणि थंडीत ती आधीच मंदावलेली असते. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी पिण्याचे राहून जाते. थर्मासमध्ये कोमट पाणी सतत जवळ असावे. तेथील मिठाचा चहा, नून चाय, रक्तदाब असलेल्यांनी चवीपुरताच घ्यावा. वरण-भात सर्वत्र मिळेलच असे नाही, पण राजमा-भात, हाकची भाजी आणि दही सहज मिळते. मेतकूट आणि लिंबाचे लोणचे सोबत असले, की तोंडाला चव राहते.

जे सोबत जाणार, त्यांच्यासाठीही दोन शब्द. घरी बारा महिने आईवडिलांची देखभाल करणारी मुलगी किंवा सून सहलीतही तेच करीत राहिली, तर तिची सहल झाली असे कसे म्हणता येईल? दिवसाचे दोन-तीन तास तिला पूर्ण मोकळे मिळतील, अशी पाळी भावंडांनी लावून घ्यावी. त्या वेळेत तिला दुसऱ्या टप्प्यावर जायचे असेल, तर तिने खुशाल जावे. विस्मरणाचा आजार असलेल्या वृद्धांना मात्र नव्या खोलीत रात्री दिशाभूल होते. दार आतून लावले तरी ते उघडून बर्फात चालू लागण्याचा धोका असतो. त्यांच्यासोबत रात्री कुणीतरी त्याच खोलीत झोपावे, आणि खिशात हॉटेलचे नाव व मुलाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

या क्रमांकावरून आठवले. महाराष्ट्रातले प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. ज्येष्ठांचे बहुतेक फोन प्रीपेड असतात. निघण्यापूर्वी निदान दोन फोन पोस्टपेड असल्याची खात्री करावी, नाहीतर गर्दीत चुकामूक झाली की शोधणे अवघड.

परतीच्या दिवशी गुलमर्गहून थेट विमानतळ गाठण्याचा बेत करू नये. रात्री बर्फ पडला तर सकाळी रस्ता मोकळा व्हायला वेळ लागतो, आणि त्या घाईत औषधाची वेळ चुकते, नाश्ता राहतो, पाय घसरतो. शेवटची रात्र श्रीनगरलाच असावी. श्रीनगर विमानतळावर आवाराच्या बाहेरच्या फाटकापासूनच सामानाची आणि प्रवाशांची तपासणी सुरू होते, ती पुन्हा आतही होते. तेव्हा तीन तास आधी निघालेले बरे. चालता येत असले, तरी चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच विमानकंपनीकडे नोंदवावी. ती मागण्यात कमीपणा नाही, आणि तपासणीच्या लांब रांगेत उभे राहण्याचा त्रास वाचतो.